क्रांतिकारकांची घरं

 

आजवरच्या भागांत आपण लढायांबद्दल, सीमेबद्दल आणि शस्त्रांबद्दल बोललो. आजचा प्रश्न घरचा आहे. एखाद्या माणसाने राजकीय कार्याला, तेही जहाल कार्याला, सगळं आयुष्य द्यायचं ठरवलं, तर त्याच्या आईवडिलांचं काय? लग्नाचं काय? त्याचं स्वतःचं म्हणून जे काही असतं, म्हणजे नाव, आवडीनिवडी, प्रेम, त्याचं काय? कार्यासाठी हे सगळं सोडावंच लागतं का?

हा प्रश्न जुना नाही. आजही वीस-बावीस वर्षांची मुलं-मुली वेगवेगळ्या झेंड्यांखाली पूर्णवेळ काम करायला निघतात. घरात रडारड होते, बोलणं बंद होतं. संघटनेतले वडीलधारे सांगतात, ‘घराचा मोह सोड.’ घरचे म्हणतात, ‘आधी पायावर उभा राहा.’ या दोन्हींच्या मधे ते पोर उभं असतं. त्याच्यासाठी, आणि त्याच्या घरच्यांसाठीही, आजचं हे बोलणं आहे.

मी लष्करात तेहतीस वर्षं काढली. लष्करात घराची सोय केलेली असते. भरती होताना ‘नेक्स्ट ऑफ किन’ म्हणून कुणाचं तरी नाव लिहून घेतात. रजा असते, पगार घरी जातो, चौकीवर असलात तरी ५६ एपीओच्या पत्त्यावर पत्र पोचतं, आणि जवान परत आला नाही तर घरच्यांना पेन्शन मिळते. भूमिगत क्रांतिकारकाला यातलं काहीही नसतं. म्हणून त्याच्या घराचा हिशेब अधिक काळजीने मांडावा लागतो. मी उदाहरण घेतो ते ‘हिंदुस्थान सोशॅलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन’चं, म्हणजे भगतसिंग, चंद्रशेखर आझाद, सुखदेव, राजगुरू यांच्या दलाचं. त्यांच्या पिस्तुलांच्या गोष्टी सर्वांना पाठ आहेत. त्यांच्या घरांच्या गोष्टी कमी सांगितल्या जातात.

सुरुवात भगतसिंगांच्या घरापासून करू. त्यांचे काका सरदार अजितसिंग यांना १९०७ साली इंग्रजांनी मंडालेला पाठवलं. सुटून आल्यावर १९०९ मध्ये ते देशाबाहेर गेले, ते थेट १९४७ च्या मार्चमध्ये परत आले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पहाटे डलहौसीला त्यांचं निधन झालं. मधली अडतीस वर्षं त्यांच्या पत्नी हरनाम कौर वाट पाहत होत्या. नवरा जिवंत आहे की नाही, हेही त्यांना वर्षानुवर्षं धड कळत नव्हतं. दुसरे काका स्वर्णसिंग तुरुंगात खंगले आणि १९१० साली ऐन तारुण्यात वारले. त्यांच्या मागे हुकम कौर विधवा राहिल्या. म्हणजे भगतसिंग लहानाचे मोठे झाले ते अशा दोन काकूंच्या डोळ्यांसमोर. क्रांतीची किंमत त्यांना पुस्तकातून समजली नव्हती, ती त्यांच्या घरातच वावरत होती.

हे लक्षात घेतलं की पुढचं नीट समजतं. घरात, विशेषतः आजीच्या आग्रहाने, लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा भगतसिंग लाहोर सोडून कानपूरला गेले. तिथे गणेश शंकर विद्यार्थींच्या ‘प्रताप’मध्ये ‘बलवंत’ या नावाने काम करू लागले. जाताना वडिलांना त्यांनी चिठ्ठी ठेवली. माझ्या मुंजीच्या वेळी आजोबांनी मला देशसेवेला वाहिलं होतं, ते वचन मी पाळतो आहे, असा तिचा आशय आहे. पुढे आजी आजारी पडली, लग्नाचा विषय काढणार नाही असा शब्द मिळाला, आणि भगतसिंग घरी परतले. आजीची शुश्रूषाही केली.

इथे थोडं थांबू. या मुलाने घर टाकून दिलं नाही. आपल्या नावावर तिसरी हरनाम कौर तयार व्हायला नको, एवढंच त्याने ठरवलं. लग्नाला नकार देणं हा त्याच्यापुरता त्याग होता, पण त्यात एका अनोळखी मुलीचा विचारही होता, असं मी समजतो. आपल्याकडे लग्न न करणाऱ्या कार्यकर्त्याचं फार कौतुक होतं. कौतुकाची बाब ब्रह्मचर्य नव्हे. ज्याचा भार आपण वाहू शकणार नाही, ते नातं जोडायचं नाही, हा प्रामाणिकपणा कौतुकाचा आहे.

आता स्वतःच्या ओळखीबद्दल. १९२८ साली फिरोजपूरच्या अड्ड्यावर भगतसिंगांनी केस आणि दाढी काढली. शीख घरातल्या मुलाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. पण १९३० साली तुरुंगात नास्तिकतेवर लिहिलेल्या निबंधात त्यांनीच सांगितलं आहे की केस राखत होते तेव्हाही त्यांची धर्मातल्या कथांवर श्रद्धा बसलेली नव्हती. म्हणजे बाहेरची खूण आणि आतली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. बाहेरची खूण कामासाठी बदलली. आतली ओळख, म्हणजे वाचन, वाद घालायची हौस, थट्टामस्करी, सिनेमाची आवड, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. असेंब्लीत बॉम्ब टाकायला जाण्यापूर्वी दिल्लीच्या काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत त्यांनी फेल्ट हॅट घालून फोटो काढून घेतला. तोच आज घरोघरी दिसतो.

आपल्या राजगुरूंची एक गोष्ट सहकाऱ्यांच्या आठवणींत आहे. खेडचा हा मुलगा, शिवराम हरी राजगुरू, संस्कृत शिकायला काशीला गेला आणि तिथून दलात आला. आग्र्याच्या अड्ड्यावर त्याने भिंतीवर एका सुंदर तरुणीचं चित्र लावलं. आझादांनी ते पाहिलं आणि फाडून टाकलं. क्रांतीचं काम आणि असली चित्रं एका भिंतीवर कशी चालतील, असा त्यांचा सवाल. राजगुरू उसळले. आपण जग सुंदर करायला निघालो आहोत ना, मग सुंदर गोष्ट फाडायची कशाला, असा त्यांचा उलट सवाल. शेवटी आझाद नरमले. मला यात आझादांचा मोठेपणा दिसतो. शिस्त लावणाऱ्या माणसाने ऐकूनही घ्यावं लागतं. माझ्या नोकरीतला अनुभव हाच आहे. ज्या तुकडीत जवानाला ट्रंकेच्या झाकणावर बायकोमुलांचा फोटो चिकटवता येतो, ती तुकडी कमी लढते असं मी कधी पाहिलं नाही.

प्रेमाचा प्रश्न याहून अवघड होता. एप्रिल १९२९ मध्ये असेंब्लीत बॉम्ब टाकायला कुणी जायचं यावर दलात चर्चा झाली. भगतसिंगांना पाठवायचं नाही असं आधी ठरलं, कारण पकडले गेले तर साँडर्स प्रकरणात फाशी नक्की होती. त्यावर सुखदेव यांनी, जे त्यांचे जिवलग मित्र होते, टोचून बोलून त्यांना डिवचलं. तू मरायला कचरतोस, एका मुलीत तुझा जीव अडकला आहे, असा त्याचा रोख होता. भगतसिंगांनी स्वतः जाण्याचा हट्ट धरला, तो मान्य झाला. पण जाण्यापूर्वी सुखदेवना पत्र लिहिलं. सुखदेव पकडले गेले तेव्हा ते पत्र पोलिसांच्या हाती लागलं आणि खटल्यात पुरावा म्हणून दाखल झालं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं.

पत्राचा आशय असा. मला जगण्याची ओढ आहे, आशाआकांक्षा आहेत, पण वेळ आल्यावर मी हे सगळं सोडू शकतो, आणि खरा त्याग तोच. प्रेम माणसाला खाली ओढत नाही, वर उचलतं. मात्र ते प्रेम असलं पाहिजे, नुसती वासना नव्हे. इटलीच्या मॅझिनीचा दाखला त्यांनी दिला आहे. पहिला उठाव फसल्यावर मॅझिनी पार खचला होता, त्याला सावरलं ते त्याच्या प्रेयसीच्या एका पत्राने. बावीसही पुरे नसलेला मुलगा, समोर फाशी दिसत असताना, मित्राला समजावतो आहे की माझं मन दगडाचं नाही म्हणून मला कमी लेखू नकोस. ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही नाही त्याच्या सोडण्याला अर्थ काय, हा त्याचा मुद्दा आहे, आणि मला तो पूर्ण पटतो.

दलाने मात्र हा प्रश्न नेहमी इतक्या समजुतीने सोडवला नाही. यशपाल, जे पुढे हिंदीतले मोठे कादंबरीकार झाले, ते या दलाच्या केंद्रीय समितीत होते. डिसेंबर १९२९ मध्ये व्हाइसरॉय आयर्विन यांच्या गाडीखाली स्फोट घडवणारे तेच. लाहोरची प्रकाशवती कपूर ही तरुणी घर सोडून दलात आली आणि दोघांचं प्रेम जमलं. त्यावरून वादळ उठलं. यशपाल यांना गोळी घालावी असा निर्णय झाला. दलातल्याच एकाने सावध केल्यामुळे ते वाचले. पुढे आझादांनी केंद्रीय समितीच बरखास्त केली. यशपाल यांनी ‘सिंहावलोकन’मध्ये आपली बाजू लिहिली आहे, दुसऱ्या सहकाऱ्यांनी वेगळी सांगितली आहे. कोण बरोबर, या वादात मी शिरत नाही. पण ज्या समितीचं लक्ष इंग्रजांवर असायला हवं होतं, ती आपल्याच माणसाच्या प्रेमप्रकरणावर मृत्युदंडाचा विचार करत बसली, यातून संघटनेचं किती नुकसान झालं असेल याचा अंदाज करा. १९३२ साली यशपाल पकडले गेले. १९३६ मध्ये बरेलीच्या तुरुंगात त्यांनी प्रकाशवतींशी लग्न केलं. असं लग्न पुन्हा होऊ नये म्हणून सरकारने नंतर तुरुंगाचे नियम बदलले. ते नातं पुढे आयुष्यभर टिकलं.

याउलट कोण फुटलं ते बघा. फणींद्रनाथ घोष हा केंद्रीय समितीचा सभासद, तो माफीचा साक्षीदार झाला. प्रेमात पडलेला यशपाल फुटला नाही. माणसाच्या निष्ठेचं माप त्याच्या संसारावरून काढता येत नाही, हे या दलाला फार महागात पडून समजलं.

आता ज्यांच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही त्या दुर्गाभाभी. भगवतीचरण व्होरा आणि दुर्गादेवी हे दलातलं जोडपं. पदरी एक लहान मुलगा, शची. भगवतीचरण सधन घरातले; ते सीआयडीचे हस्तक आहेत अशी कुजबुज सहकाऱ्यांतच होती. ती पचवून ते काम करत राहिले. डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या हत्येनंतर लाहोरला जागोजागी पोलीस होते. भगवतीचरण तेव्हा कलकत्त्याला होते. भगतसिंग साहेबी वेशात, दुर्गाभाभी त्यांची पत्नी म्हणून, शची कडेवर, आणि राजगुरू नोकर म्हणून, असे सगळे लाहोर स्टेशनवरून निसटले. म्हणजे ज्या संसाराला कार्यकर्त्याच्या पायातली बेडी म्हणतात, त्या संसारानेच त्या दिवशी दलाला वाचवलं. आणि नवऱ्याच्या गैरहजेरीत, पोटच्या मुलाला घेऊन हा धोका पत्करायचा निर्णय त्या बाईंनी स्वतः घेतला होता. कुणी त्यांना हुकूम दिला नव्हता.

किंमतही त्यांनीच मोजली. २८ मे १९३० रोजी रावीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना भगवतीचरण यांच्या हातातच स्फोट झाला. भगतसिंगांना तुरुंगातून सोडवण्याची ती तयारी होती. दुर्गाभाभींना अंत्यदर्शन मिळालं नाही, आणि पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून उघडपणे शोकही करता आला नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, फाशीचा निकाल लागल्यावर दोन दिवसांनी, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर झालेल्या गोळीबारात त्या होत्या. त्यात एक पोलीस सार्जंट आणि त्याची पत्नी जखमी झाली. ही पत्नी कुणाच्या हिशेबात नव्हती, हेही आपण विसरू नये. शस्त्र उचलणाऱ्याच्या घराबरोबर समोरच्याचंही घर असतं. मी आयुष्यभर शस्त्र बाळगलं आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

पुढे दुर्गाभाभी माँटेसरी पद्धत शिकल्या आणि १९४० साली त्यांनी लखनौला लहान मुलांची शाळा काढली. १९९९ मध्ये गाझियाबादला त्यांचं निधन झालं. म्हणजे क्रांतीची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि नंतरचं आयुष्य जवळपास सत्तर वर्षांचं. कार्यकर्त्याने हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. सगळेच फासावर जात नाहीत. बहुतेकांना नंतर जगायचं असतं.

आता बापाची बाजू. सप्टेंबर १९३० मध्ये भगतसिंगांचे वडील किशनसिंग यांनी न्यायाधिकरणाकडे अर्ज केला की साँडर्सच्या हत्येच्या वेळी माझा मुलगा लाहोरात नव्हता, त्याचा पुरावा द्यायला परवानगी द्या. मुलाला न विचारता केलेला हा अर्ज होता. ४ ऑक्टोबरला भगतसिंगांनी वडिलांना जे पत्र लिहिलं ते फार कडक आहे. तुमच्या भावना मी समजतो, पण माझ्या वतीने असं करण्याचा तुम्हाला अधिकार नव्हता. माझ्या तत्त्वांपेक्षा माझा जीव मोठा नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला फितुरी म्हटलं असतं, असा त्याचा आशय. हे पत्र छापावं असंही त्यांनी सांगितलं. आणि ते छापलं गेलं.

मला या प्रसंगात दोघेही मोठे वाटतात. किशनसिंग स्वतः तुरुंगात जाऊन आलेले देशभक्त. एक भाऊ परागंदा, एक मेलेला, आता मुलगाही जाणार. बाप धडपडणार नाही तर कोण? आणि मुलाचंही बरोबर. ज्या आयुष्याचा निर्णय त्याने स्वतः घेतला होता, तो दुसरा कुणी परस्पर कसा फिरवणार?

या सगळ्या घरांतून मला एकच सूत्र दिसतं. स्वतःचा त्याग करण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. दुसऱ्याचा त्याग मात्र त्याला विचारल्याशिवाय करता येत नाही. दुर्गाभाभींनी स्वतः ठरवलं, म्हणून त्यांच्या दुःखातही त्यांचं स्वतःचं काही शिल्लक राहिलं. हरनाम कौर यांना कुणी विचारलं नव्हतं. किशनसिंगांनी मुलाला विचारलं नाही. दलाने यशपाल आणि प्रकाशवतींचा निकाल त्यांच्या पाठीमागे लावला. जिथे जिथे विचारलं गेलं नाही, तिथे तिथे जखम राहिली.

भगतसिंगांच्या शेवटच्या लिखाणात याच्याशी झगडणारी एक गोष्ट आहे, ती लपवू नये. फेब्रुवारी १९३१ मध्ये तरुण कार्यकर्त्यांना लिहिलेल्या निवेदनात ते म्हणतात की केवळ बॉम्बने क्रांती होणार नाही, शेतकरी-कामगारांत वर्षानुवर्षं चिवटपणे काम करावं लागेल, आणि त्यासाठी पूर्णवेळ कार्यकर्ते हवेत, ज्यांना क्रांतीशिवाय दुसरा उद्योग आणि महत्त्वाकांक्षा नाही. वाचताना वाटतं, इथे घराला जागाच नाही. पण एका महिन्याने, ३ मार्चला घरच्यांशी शेवटची भेट झाली. धाकट्या कुलतारच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी त्याला पत्र लिहिलं, शिक्षण आणि तब्येत सांभाळायला सांगितलं. त्याच दिवशी कुलबीरला लिहिलं, त्यात तुझं पुढे कसं होणार, गुजराण कशी होणार, ही काळजी आहे. वीस दिवसांनी, २३ मार्चला फाशी झाली. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे घराची काळजी नसलेला माणूस, असा अर्थ त्यांनी तरी घेतला नव्हता.

मग मागे राहिलेल्या घरांची काळजी कुणी घ्यायची? लष्करात ती रेजिमेंट घेते. दलाची रेजिमेंट उरलीच नव्हती. पण झाशीचे सदाशिवराव मलकापूरकर, आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेर वाढलेला मराठी माणूस, १९२९ मध्ये भगवानदास माहोर यांच्यासह भुसावळ स्टेशनवर पकडले गेले आणि त्यांनी दीर्घ तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर आझादांच्या आई जगरानीदेवी भाबऱ्याला हलाखीत दिवस काढत आहेत असं समजल्यावर ते त्यांना झाशीला घेऊन आले. १९५१ साली त्या गेल्या, तोवर मुलासारखी त्यांची सेवा केली. बटुकेश्वर दत्त यांच्या वाट्याला मात्र सुटकेनंतर बरीचशी उपेक्षाच आली. १९६५ मध्ये दिल्लीत त्यांचं निधन झालं. त्यांच्या इच्छेप्रमाणे हुसैनीवालाला, भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांच्याशेजारी त्यांचा अंत्यसंस्कार झाला. पुढे १९७५ मध्ये भगतसिंगांच्या आई विद्यावती यांनाही तिथेच अग्नी दिला. फिरोजपूरला माझी नेमणूक असताना मी तिथे अनेकदा गेलो आहे. नवीन जवानांना मी सांगत असे, मुलांच्या समाध्यांना नमस्कार कराल तसा आईच्या समाधीलाही करा.

तर आज कार्याला निघालेल्या मुलामुलींना माझं सांगणं थोडक्यात असं. घरी सांगून निघा, भांडण झालं तरी चालेल. लग्न करणार असाल तर जोडीदाराला आधी सगळं सांगा, आणि त्याचं उत्तर नाही असेल तर ते माना. हातात एखादा हुन्नर ठेवा, कारण नंतरचं आयुष्य मोठं असतं. तुमची संघटना तुमच्या आईवडिलांच्या औषधपाण्याला काय मदत करते, मागच्या कार्यकर्त्यांची म्हातारपणी काय व्यवस्था केली, हे निर्धास्त विचारा. उत्तर देताना जी संघटना तुमच्या निष्ठेवरच संशय घेईल, तिच्यापासून चार पावलं लांब राहा.

आणि घरच्यांना एवढंच सांगेन, मुलाच्या पाठीमागे अर्ज करू नका. त्याच्याशी बोला. पटलं नाही तरी दार उघडं ठेवा. आजीसाठी भगतसिंगसुद्धा कानपूरहून परत आले होते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.